कोतवाल : किल्ल्यापासून साझ्यापर्यंत

रावेरला रेल्वेत बसलं की तासाच्या आत बऱ्हाणपूर येतं. मधे राज्याची हद्द लागते, पण डब्यातल्या गप्पांना ती जाणवत नाही. केळीचे भाव इकडेही तेच, तिकडेही तेच. एक शब्द मात्र हद्दीवर अर्थ बदलतो. मध्य प्रदेशातल्या शहरांत कोतवाली म्हणजे पोलिसांचं मुख्य ठाणं. रावेर तालुक्यातल्या कुठल्याही गावात कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिसा पोचवणारा, दवंडी देणारा, वादळात केळीची बाग आडवी झाली की पंचनाम्यासाठी बांधाबांधानं फिरणारा, महसूल खात्याच्या उतरंडीत अगदी शेवटी उभा असलेला. चारशे वर्षांपूर्वी रावेर आणि बऱ्हाणपूर एकाच खानदेश सुभ्यात होते, आणि बऱ्हाणपूर त्याची राजधानी होतं.

पदनामं काळाच्या ओघात झिजतात, हे खरं. ‘नाईक’ हा एकेकाळचा टोळीचा म्होरक्या पुढे पोलिसातला हुद्दा झाला, ‘चौधरी’, ‘महाजन’ नुसती आडनावं उरली. पण कोतवालाची गोष्ट नुसत्या झिजण्याची नाही. माझ्या मते इथे दोन वेगळी घराणी एका नावाखाली आली आहेत. नाव वरून आलं, शहरातून, किल्ल्यातून, बादशाही दफ्तरातून. काम खालून आलं, गावाच्या वेशीवरून. त्या कामाचा धनी जागल्या होता, आणि खानदेशात तो बहुतेक करून भिल्ल होता. नाव मिळालं तोवर त्याचा वाटा गेलेला होता. म्हणून आधी नावाचा माग काढू, मग माणसाचा.

नावाचं मूळ ‘कोट्टपाल’. कोट राखणारा तो कोट्टपाल, म्हणजे किल्लेदारच. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत एका दगडात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटं देऊळ लागतं. तिथे विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा लेख आहे. गणिताचे अभ्यासक तो पाहायला जातात, कारण फुलबागेची लांबी २७० हात आणि देवाला रोज ५० माळा हे आकडे लिहिताना त्यात शून्य कोरलेलं आहे, आणि भारतात दगडावर टिकून राहिलेल्या जुन्यातल्या जुन्या शून्यांपैकी ते एक आहे. त्याच लेखात अल्ल नावाचा माणूस भेटतो. प्रतिहार राजा भोजानं त्याला या किल्ल्याच्या राखणीवर नेमलं होतं, आणि त्याचा हुद्दा कोट्टपाल असा दिला आहे. त्याच्या बरोबरीनं सेनाधिकाऱ्याचं आणि नगरातल्या प्रमुख व्यापाऱ्यांचं नाव येतं. अकराशे वर्षांपूर्वीचा हा कोतवाल अशा लोकांच्या पंगतीत बसणारा होता.

पुढे तुर्की-फारसी राज्यकर्त्यांनी हा देशी शब्द तसाच उचलला आणि त्यातला कोट बाजूला ठेवून शहर हाती दिलं. मुघल काळातला कोतवाल कोण होता हे समजून घ्यायचं तर अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तलं त्याच्यावरचं प्रकरण वाचावं. शहरातल्या घरांची आणि रस्त्यांची नोंद त्यानं ठेवायची. शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकाला एक मुखिया नेमायचा, आलेल्या-गेलेल्याची खबर रोज घ्यायची. अनोळखी वाटसरूंना एका सराईत उतरवायचं. कुणाची मिळकत किती आणि खर्च किती यावर नजर ठेवायची, कारण मिळकतीपेक्षा खर्च जास्त असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. वजनं-मापं तपासायची, कारागिरांच्या प्रत्येक धंद्याला एक प्रमुख नेमायचा, बेवारशी मालमत्तेची यादी करायची, नदीवर बायकांचे पाणवठे पुरुषांपासून वेगळे राखायचे. एखाद्या स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध सती जायला लावत असतील तर ते थांबवायचं, हेही त्याच यादीत आहे. आजची महापालिका, पोलिस आयुक्तालय, वैधमापन खातं आणि गुप्तवार्ता विभाग मिळून जे करतात ते सारं त्या एका माणसाच्या शिरावर होतं.

१६०१ च्या जानेवारीत अशीरगड पडला आणि फारुकींचं खानदेश अकबराच्या राज्यात आलं. त्यानंतर चौदा वर्षांनी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून नंदुरबार, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर या वाटेनं बऱ्हाणपूरला पोचला. जहांगीरचा मुलगा परवीझ तेव्हा तिथे होता. रोला सामोरा आला तो कोतवाल, पुढे निशाणं घेतलेली माणसं आणि मागे लवाजमा असा. त्यानंच वकिलाला सराईपर्यंत नेलं. दिलेल्या खोल्या रोला भट्टीसारख्या कोंदट वाटल्या, त्याची तक्रार त्यानं रोजनिशीत लिहून ठेवली आहे. मला त्या नोंदीत महत्त्वाचा वाटतो तो कोतवाल. ‘आईन’मध्ये सांगितलेलं सराईचं काम इथे खानदेशच्या राजधानीत घडताना दिसतं. परदेशचा वकील शहरात आला तर त्याची पहिली गाठ याच हुद्द्याशी पडायची.

मराठेशाहीत ही शहरी कोतवाली पुण्यात आली. तिचा बहर आणि तिचा काळा डाग दोन्ही घाशीरामाच्या नावानं ओळखले जातात. १७७७ ते १७९१ तो पुण्याचा कोतवाल होता, तेलंगी ब्राह्मणांना कोंडून मारल्याच्या प्रकरणानंतर लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं, १९७२ मध्ये तेंडुलकरांचं नाटक आलं, आणि मराठी माणसाच्या मनात कोतवाल हा शब्द पुण्याच्या त्या एका माणसाला कायमचा चिकटला. खानदेशातल्या कोतवालाला ती सावली विनाकारण भोवते. त्याच्या हाती ना कधी कोठडी होती, ना दंडाची पावती.

शेतातला कोतवाल त्याला जास्त जवळचा आहे. दुभागलेल्या शेपटीचा तो काळा पक्षी तारेवर, गुरांच्या पाठीवर बसलेला असतो. कावळा किंवा घार घरट्याजवळ आली की हा तिच्या अंगावर तुटून पडतो, म्हणून होले, हळद्या असे भिडस्त पक्षी त्याच्या आसऱ्यानं त्याच झाडावर घरटी बांधतात. हुद्द्याचं नाव पाखराला देणाऱ्यांनी राखणीचा अर्थ नीट ओळखला होता.

आता वेशीवरच्या माणसाकडे येऊ.

मराठी गावाला पाटील आणि कुळकर्णी होते, चौगुला होता, महार होता. चोरीमारीची जबाबदारी मात्र जागल्याची. पुण्याच्या आसपास हे काम रामोशांकडे, खानदेशात आणि त्याच्या डोंगराळ कडांना भिल्लांकडे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या राखणदाराच्या कामाचं वर्णन तपशिलानं आहे. रात्री गस्त घालायची. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची चाल कशी आहे, हे ठाऊक ठेवायचं. चोरी झाली की चोर शोधायचा, आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे पावलांचा माग. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याला पटवून दिला की याची जबाबदारी संपली, त्याची सुरू झाली. असा माग एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर हातोहात जायचा. जिथे तो विरला त्या गावानं चोरीची भरपाई द्यायची. जागल्याला झेपेल तेवढी त्यानं, उरलेली सगळ्या गावानं. एल्फिन्स्टननं हेही नोंदवलं की हा नियम कडक वापरला तर अन्याय होईल, आणि म्हणून तो पूर्णपणे क्वचितच लावला जाई.

या पद्धतीत मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे ज्ञान. काळ्या मातीत उमटलेला ठसा, नाल्याच्या वाळूतला ठसा आणि मुरमावरचा ठसा वेगवेगळा वाचावा लागतो. कुठला माणूस ओझं घेऊन चालला, कुठला लंगडत होता, ठसा रात्रीचा की पहाटेचा, हे सांगणारा डोळा पिढ्यान्‌पिढ्या घडलेला असतो. दुसरी म्हणजे मोबदला. जागल्याला पगार नव्हता, हक्क होता. पीक निघालं की खळ्यावरून त्याच्या वाट्याच्या पेंढ्या, धान्य निघे. पाटील-कुळकर्ण्यांचा जसा हक्क, तसा त्याचा. आकारानं अगदी लहान, पण कुणाच्या मर्जीवर नव्हे. गावाच्या कडेला भिलाटी होती, आजही खानदेशातल्या कितीतरी गावांत आहे, आणि त्या वस्तीचा गावाशी असलेला करार या पेंढ्यांत दिसायचा.

हा करार १८०० नंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत मोडला. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, पाठोपाठ पेंढारी आले, १८०३-०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. खळंच नाही तिथे वाटा कुठून येणार? ज्याला गावाची वाट न्‌ वाट ठाऊक, घाटातली पायवाट ठाऊक, आणि ज्याच्या पोटाची सोय तुटली, तो त्याच वाटांवर उभा राहिला. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं कोपरगावला भिल्लांना दग्यानं पकडून मारलं, विहिरींत टाकलं. त्यानंतर तडजोडीचं नावच उरलं नाही. इंग्रज कागदांत पुढे ‘लुटारू जमात’ म्हणून जो शिक्का मारला गेला, तो या काही वर्षांच्या पोटात तयार झाला. शतकानुशतकं ज्यांच्या हाती गावाची रात्र सोपवली होती, त्यांच्यावर चोरीचा शिक्का बसावा, ही खानदेशच्या इतिहासातली फार मोठी जखम आहे. शाळेच्या पुस्तकांत ती अजून नीट लिहिली गेलेली नाही.

१८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी म्हणून आला, धुळे त्यानं मुख्य ठाणं केलं. नाईकांना नेमणुका द्यायच्या, घाट राखण्याचे जुने हक्क मान्य करायचे आणि न जुमानणाऱ्यांवर फौज पाठवायची, असं धोरण सात वर्षं चाललं. पण फौजेच्या जोरावर सातपुडा आणि सातमाळ्याचे डोंगर ताब्यात येईनात. मग १८२५ मध्ये एल्फिन्स्टननं, तो आता मुंबईचा गव्हर्नर होता, वेगळा मार्ग धरला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. त्यांनी भिल्लांना गावाजवळ वसवायचं, शेतीला तगाई द्यायची, जुने गुन्हे माफ करायचे. आणि धरणगावला लेफ्टनंट जेम्स औट्रामनं भिल्ल पलटण उभारायला घेतली. औट्राम तेव्हा अवघा बावीस वर्षांचा. आधी एकट्यानं नाईकांबरोबर जंगलात राहिला, शिकारीला गेला, मग मूठभर माणसं त्याच्याकडे आली, आणि त्यांच्यामागून इतर. ही खानदेश भिल्ल कोअर १८९१ पर्यंत टिकली आणि मग पोलिसांत मिसळून गेली. धुळ्या-जळगावकडे कलेक्टरी केलेल्या ए. एच. ए. सिम्कॉक्सनं १९१२ मध्ये तिचा इतिहास छापला.

औट्रामचं कौतुक इंग्रजांनी पुष्कळ केलं, त्यातलं काही रास्तही आहे. पण पलटणीनं नेमकं काय केलं? जागल्याचं कसब, माग काढणं, डोंगर वाचणं, रात्री जागणं, सरकारनं पगार देऊन विकत घेतलं. कसब तेच राहिलं, धनी बदलला. गावानं दिलेला वाटा हा हक्क होता, सरकारनं दिलेला पगार ही नोकरी झाली. नोकरी देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

हे सगळ्यांत ठळक दिसतं ते खाज्या नाईकाच्या आयुष्यात. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या घाटात चढतो. तो घाट राखण्याचं काम खाज्याकडे त्याच्या बापाकडून, गुमानसिंग नाईकाकडून आलेलं. वर्षानुवर्षं त्यानं ते इमानानं केलं. मग एका कैद्याच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, काम गेलं. १८५७ मध्ये इंग्रजांना घाटाची धास्ती वाटू लागली तेव्हा त्याला पुन्हा बोलावलं. तो आला, आणि काही महिन्यांतच उलटला. नोव्हेंबर १८५७ मध्ये याच घाटात इंदूरकडून मुंबईला चाललेला सरकारी खजिना, सुमारे ७ लाख रुपयांचा, लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ ला बडवानीच्या मुलखात आंबापाणी इथे लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूनं त्या मोहिमेत भिल्ल कोअरही होती. एका बाजूला घाटाचा वारसदार राखणदार, दुसऱ्या बाजूला पलटणीत गेलेले राखणदार. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी कित्येकांना तिथेच गोळ्या घातल्या, बायकांनाही कैद केलं.

डोंगर थंडावल्यावर कायदा आला. १८६७ चा मुंबई ग्रामपोलिस कायदा, १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, ज्याला सगळे वतन कायदा म्हणत. त्यात पाटील-कुळकर्णी वरच्या वर्गात आणि महार, जागल्या हे ‘कनिष्ठ’ गावकामगार. दफ्तरात वर्ग पडले आणि गावातला कमीजास्तपणा सरकारी शाईनं पक्का झाला. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ मधल्या ‘गावगाडा’त या सगळ्या कामकऱ्यांच्या हक्कांची आणि त्यावरून होणाऱ्या कटकटींची बारकाईनं मांडणी आहे. धुळ्याला राहून तिथेच १९२६ च्या अखेरीस वारलेल्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वतनांचे असले कागद आयुष्यभर गोळा केले, त्यांच्यामागे उभं राहिलेलं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. मी वाट्याला हक्क म्हणतो, पण तो वाटा सुखाचा होता असं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं तेव्हा महार वतनदारांची स्थिती उघडी केली. सरकारी अधिकाऱ्यानं दिवसा किंवा रात्री केव्हाही बोलवावं, एकाऐवजी घरातल्या कुणीही राबावं, आणि मोबदला इतका तुटपुंजा की त्याच्या आशेनं माणूस गावालाच बांधलेला राहावा. वाटा हा हक्क होता आणि बेडीही होती. बेडी तोडायलाच हवी होती. प्रश्न एवढाच की ती तोडताना हक्काचं काय केलं.

याचं उत्तर १९५८ च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्यानं दिलं. १९५९ मध्ये तो लागू झाला, वतनं खालसा झाली, आणि वतनी कामकऱ्यांच्या जागी सरकारनं मानधनावरचा गावकामगार नेमला. त्याला नाव दिलं कोतवाल. शेजारच्या मध्य प्रांतात गावच्या राखणदाराला ‘कोटवार’ म्हणायची चाल आधीपासून होती, म्हणजे हे नाव शहरातून गावात कधीच उतरलेलं होतं. मुंबई राज्यानं त्यावर सरकारी शिक्का मारला. ग्वाल्हेरच्या अल्लाचा हुद्दा असा बोदवडच्या, साक्रीच्या, पारोळ्याच्या चावडीत पोचला. जागल्याचं काम करणाऱ्याला प्रथमच जातीचा नसलेला हुद्दा मिळाला, आणि तो कुठल्याही जातीच्या माणसाला मिळू शकत होता, हे त्यातलं मोठं आणि चांगलं. पण खळ्यावरचा वाटा गेला आणि त्याच्या जागी आलं ते पगार नव्हे, मानधन. शिपायाला वेतनश्रेणी, कोतवालाला ठोक रक्कम.

पुढे राखणही त्याच्या हातून गेली. १९६७ च्या ग्रामपोलिस कायद्यानं गावची शांतता पोलीस पाटलाकडे आली, कोतवाल महसुलाकडे राहिला. ज्या कामावरून हे पद जन्मलं ते काम कागदावर दुसऱ्याचं झालं. प्रत्यक्षात मात्र रात्र त्याला सुटली नाही. गिरणेच्या, तापीच्या पात्रातून रात्री वाळू उपसली जाते तेव्हा तहसीलच्या पथकाबरोबर कोतवालच उभा असतो, पकडलेल्या ट्रॅक्टरजवळ पहाटेपर्यंत तोच थांबतो. निवडणुकीत मतदान केंद्रावर आदल्या रात्री तोच असतो. साझ्यातल्या, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीतल्या, चार-पाच गावांत कुठलं घर कुणाचं, कोण सुरतेला कामाला गेलं, कुठल्या गटाचा वाद कुणाशी, हे तलाठी बदलून आला की त्याला कोतवालच सांगतो. तलाठी दोन-तीन वर्षांत बदलतो, कोतवाल गावातलाच असतो. अबुल फजलनं सांगितलेली आलेल्या-गेलेल्याची नोंद आजही याच माणसाच्या डोक्यात आहे, फक्त ती कुठे लिहिली जात नाही.

कोतवालांच्या संघटना वर्षानुवर्षं एकच मागणी करतात : चतुर्थ श्रेणी द्या. आझाद मैदान, नागपूरचं अधिवेशन, कलेक्टर कचेरीसमोरचा मंडप, सगळीकडे तीच. २०२३ मध्ये मानधन दुप्पट होऊन दरमहा १५,००० रुपये झालं. ते आधीपेक्षा पुष्कळ, पण मानधनच. मग तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, आणि २०२५ मध्ये कोतवालाचंही : महसूल सेवक. जुन्या नावात गुलामीचा वास येतो, असं ज्यांनी ते काम केलं आहे त्यांच्यापैकी कित्येकांना वाटत होतं, आणि ते त्यांनी ठरवायचं. माझी तक्रार नाव बदलल्याची नाही. वतन गेलं तेव्हाही नाव बदललं होतं आणि मोबदल्याचा प्रश्न पुढे ढकलला होता. या खेपेलाही वेतनश्रेणीची मागणी पदनामाच्या आदेशात सुटलेली नाही. रावेर, यावल, शिरपूर, साक्रीच्या तहसील कचेऱ्यांत ‘कोतवाल’ ऐवजी ‘महसूल सेवक’ असं लिहिलं जाऊ लागलं, तरी महिन्याच्या हिशोबात त्यापुढचा शब्द अजून ‘मानधन’च आहे.